पाय चालतायत

सगळा घोटाळा आत्याने केला.

फिजिओथेरपीच्या खोलीत एक सायकल आहे. तिला चाकं नाहीत, त्यामुळे ती कुठे जात नाही. मॅडम माझ्या मांड्यांवर पॅड चिकटवतात, वायरी जोडतात, पावलं पट्ट्यांनी पॅडलला बांधतात आणि करंट सोडतात. बांधकामाच्या परांचीवरून पडल्यापासून माझे पाय माझं एक ऐकत नाहीत, पण या मशीनचं मात्र मुकाट ऐकतात. पॅडल फिरायला लागतं. मला कंबरेखाली काही म्हणजे काही कळत नाही. दुसऱ्याच्या पोराचं कौतुक बघावं तसा मी बघत बसतो.

मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "याने स्नायू झिजायचे थांबतील, रक्त फिरेल. चालता येईल असं मी म्हणत नाही हं." बाई सरळ आहे. उगाच गोड बोलत नाही.

तर मी सायकलवर असताना आत्याचा व्हिडिओ कॉल आला. माझे पाय गरागरा फिरताना बघून ती किंचाळलीच, "अरे, हे काय?" मी म्हणालो, "पाय चालतायत." एवढंच! पंखा चालतो, मिक्सर चालतो, तसे पाय चालतायत. दुसरं काय म्हणणार? पण आत्याने फोन ठेवला आणि सगळ्या गोतावळ्याला कळवून टाकलं, की पोरगा चालायला लागला.

धाकट्याला हे कामावर कळलं. घरात आम्ही दोघे भाऊच. मला उचलणं, आंघोळ, कूस बदलणं, लघवीची पिशवी, सगळं तो करतो आणि वर माझी बोलणी खातो. त्याला दूरच्या एका कारखान्यात चांगली नोकरी चालून आली होती. राहायला मिळणार ती चौथ्या मजल्यावरची खोली, लिफ्ट नाही. म्हणजे मला नेणं शक्यच नाही. "तू उभा राहा, मग बघू," असं मला म्हणत तो कारखान्यातल्या लोकांना झुलवत होता. त्या दिवशी मात्र त्यांना हो की नाही, एक काय ते सांगायचं होतं. मी मनात म्हणायचो, मी उभा राहत नाही आणि तू जात नाहीस. लाज वाटायची, पण बरंही वाटायचं.

तो धापा टाकत खोलीत आला. "दादा! आत्या म्हणाली, खरंय का?"

खरं सांगितलं असतं, तर तो राहिला असता. इतकं सोपं होतं. पण त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि या वयात कानशिलं पांढरी व्हायला लागली होती. माझी जीभच रेटेना.

"दिसतंय ना? चालतायत की."

"आणि तुला कळतंय? हात लावलेला वगैरे?"

"येतंय हळूहळू."

"अहो..." मॅडम म्हणाल्या. मी डोळे वटारले, त्या गप्प झाल्या.

धाकटा सायकलला खेटून उभा राहिला. "डोळे मीट बरं. मी मांडीवर हात ठेवतो. ठेवला की सांग."

मी डोळे मिटले. नुसती मशीनची घरघर ऐकू येत होती. आता ठेवला असेल का? एवढा वेळ कोण थांबतं!

"ठेवलास," मी ठोकून दिलं. "गार आहे हात."

डोळे उघडले. धाकट्याने दोन्ही हात पाठीमागे धरले होते. मॅडम फरशीकडे बघत होत्या.

मेलो, वाटलं. आणि खरं सांगतो, सुटलो असंही वाटलं. आता हा म्हणणार, खोटारड्या, चल घरी, मी कुठे जात नाही. ते ऐकायला मी जीव कानात आणून बसलो होतो. म्हण ना रे, म्हण एकदा.

मग त्याने एक हात पुढे आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"बरोबर ओळखलंस," तो म्हणाला. "गारच आहे."

कपाळावरून त्याचा घाम ओघळत होता.

"मग कळवू त्यांना? येतो म्हणून?" त्याने विचारलं. "तुझ्यासाठी दिवसरात्र राहणारा माणूस बघून देतो. आत्याही येऊन जाऊन असेल."

"कळव की. माझं काय अडलंय?"

तो फोन घेऊन बाहेर गेला. दार उघडंच होतं. "हो सर, नक्की येतो," त्याचा आवाज आला. "नाही सर, घरी आता काही अडचण नाही."

मॅडमनी हळूच विचारलं, "वेळ झाली. बंद करू का?"

"तो आत येईपर्यंत राहू द्या," मी म्हणालो. "फिरताना दिसू देत त्याला."