राखीव डिझेल

मी बोईसरहून नवापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा पेट्रोल पंप बोलतोय. आपली ओळख तशी जुनी आहे, पण माझ्यापाशी माणसं "झिरो बघा" यापलीकडे फारसं बोलत नाहीत. आज जरा थांबा, गाडी बाजूला घ्या.

इथे आधी नुसतं गवत होतं. मग खड्डे खणले, त्यांत लोखंडी टाक्या उतरवल्या आणि वर फरशी घातली. वरची मशीन्स म्हणजे माझी तोंडं. पोट जमिनीखाली, कुणाला न दिसणारं. कंपन्यांच्या बसेस, रिक्षा, कुंभवलीच्या कामगारांच्या मोटारसायकली आणि नवापूरच्या मच्छीमारांचे कॅन, सगळे माझ्याच दारात येतात.

पण माझ्यात स्वतःचं असं काहीच नाही. मुंबईच्या डेपोतून टँकर निघतो, हायवेने येतो, चिल्हार फाट्याला वळतो, तेव्हा माझं पोट भरतं. टँकर बहुतेक वेळा चंद्रभान आणायचा. माझा मॅनेजर ज्ञानेश सील तपासायचा, टाकीत काठी घालून माप बघायचा आणि मग पाइप जोडायचा. दोघेही लातूरकडचे. डिझेल उतरेपर्यंत गावाकडच्या गप्पा चालायच्या.

एक दिवस टँकर आलाच नाही. हायवेवर अपघात झाला होता आणि जमावाने टँकरच्या ड्रायव्हरला मारून टाकलं होतं. सगळ्या ड्रायव्हरांनी स्टेअरिंग सोडलं, संप पुकारला. ज्ञानेशने फोन केला तेव्हा चंद्रभान म्हणाला, "भाऊ, तुझा पंप कोरडा पडंल हे कळतंय मला. पण आमचा माणूस मेलाय. कसा काढू टँकर?"

मग माझ्यापुढे रांगा लागल्या. ज्याची टाकी अर्धी भरलेली, तोही रांगेत. कुणी पाण्याच्या बाटल्या आणल्या, कुणी शेजाऱ्याची कॉलर धरली. ज्ञानेशने थोडं थोडं द्यायचं ठरवलं. नवापूरचा विनोद आणि त्याचा धाकटा भाऊ मेहुल कॅन घेऊन आले, त्यांनाही अर्धाच भरून मिळाला. "जवळच जाऊ, जाळी टाकून येऊ," विनोद म्हणाला आणि कॅन खांद्यावर घेऊन गेला.

त्याच संध्याकाळी वरच्या साहेबांचा फोन आला. उरलेलं डिझेल राखीव. फक्त अँब्युलन्स, पोलीस आणि अग्निशमनच्या गाड्यांना. ज्ञानेशने मशीनला साखळी घातली, "स्टॉक नाही" असा पुठ्ठा टांगला. पण पोटात डिझेल होतं. मला माहीत होतं आणि त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रकांता आली, विनोदची बायको. दोन्ही हातांत रिकामे कॅन, पायांत चप्पल नाही.

"ज्ञानेशदादा, डिझेल दे. ह्यांचा फोन आलता. बोटीतलं डिझेल संपलं, पानी खडकाकडं ओढतंय म्हनाले. तवापासून फोन बंद हाय."

"पोलिसांना सांगितलं का, ताई?"

"सांगलं. त्यांची बोट येईल म्हनतात, कवा ते नाय सांगत. आमच्या गावात बोटी हायत, मानसं हायत, मच्छीमार सोसायटीत डिझेल नाय. तुज्याकडं हाय काय?"

ज्ञानेश खोटं बोलू शकला असता. पुठ्ठा समोरच होता. पण तो म्हणाला, "आहे. पण मला देता येत नाही. आत्ता कारखान्यात आग लागली आणि बंबाला डिझेल नसलं, तर?"

"आग लागली काय?"

"नाही, ताई. पण..."

"मंग मानसं बुडतायत ती?"

त्याने साहेबांना फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये. पुन्हा लावला. कुणीतरी म्हणालं, लेखी परवानगी लागेल, निरोप देतो. चंद्रकांता साखळीजवळ फरशीवर बसली. रडली नाही, ओरडली नाही. तो ऑफिसातून बाहेर आला की ती मान वर करायची, एवढंच. तो अँब्युलन्स येते का म्हणून रस्त्याकडे बघायचा, मग फोनकडे. ऊन माथ्यावर आलं आणि कललं. माझ्या पोटात डिझेल तसंच पडून होतं.

शेवटी त्याने साखळी ओढून काढली आणि दोन्ही कॅन भरले. रिक्षा बोलावून स्वतः आत ठेवले.

बोटी निघाल्या. संध्याकाळच्या आत मेहुल जिवंत सापडला, उलटलेल्या बोटीला धरून. विनोदचं प्रेत नंतर किनाऱ्याला लागलं. ज्या बंबासाठी, अँब्युलन्ससाठी डिझेल राखलं होतं, त्यांतलं कुणी ते मागायलाही आलं नाही. संप मिटला, टँकर आले. ज्ञानेशला साहेबांनी झापलं.

काही आठवड्यांनी चंद्रकांता आणि मेहुल कॅन घेऊन आले. ज्ञानेश स्वतः नळी घेऊन उभा राहिला. मेहुलच्या तळहातांवरच्या जखमा अजून पुरत्या भरल्या नव्हत्या. तो आपणहून सांगू लागला, "आमचा दादा मस वेळ बोटीला धरून होता माज्या बाजूला. बोलत होता. ऊन डोक्यावर आलं तवा हात सुटला त्याचा."

कॅन भरून वाहू लागला. डिझेल ज्ञानेशच्या बुटांवर सांडलं, तरी त्याच्या हातून नळी सुटेना. चंद्रकांतानेच त्याची बोटं सोडवली.

"ताई, मी सकाळीच..." तो म्हणाला.

"तू दिलंस तवा मेहुल आला," ती म्हणाली. "बाकीचं मला इचारू नको. मला सांगता येनार नाय." आणि कॅनला झाकण लावू लागली.

ज्ञानेश अजून इथेच आहे. चंद्रभान आला की पाइप जोडतो, काठी घालून माप बघतो. गप्पा मात्र होत नाहीत.

माणसांनो, तुटवडा पुन्हा येईल. तेव्हाही तुम्ही संकटासाठी थोडं राखून ठेवा, ठेवायलाच हवं. फक्त संकट दारात येऊन बसलं, तर साखळी कुणी काढायची, ते आधी ठरवा. मी जमिनीत पुरलेला आहे, मला हात नाहीत.