न दिसणाऱ्या डिस्कमधला वाघ

तार मीच काढली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोण म्हणायला नको की खतीजानं लपवलं.

आमचे फारुखमिया सव्वीस वर्षं दोह्याला एसी दुरुस्त करायचे. आता रोह्याजवळ अष्टमी गावात घरी बसून माझं डोकं फिरवतात. मुलगा तमीम फोनवर कितीदा म्हणाला, अब्बा, तयार कंप्युटर घ्या. पण नाय. "मशीन म्हणजे मशीन," म्हणाले, आणि पेणहून एकेक पार्ट आणून जेवणाच्या टेबलावर मांडला. आठ दिवस आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

हा खटाटोप कशासाठी, तर जुन्या कंप्युटरातल्या एका हार्ड डिस्कसाठी. पूर्वी गल्फचा फोन महाग होता. घरची माणसं टेपवर बोलून कॅसेट भरायची आणि सुट्टी संपवून जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत घालायची. मियांनी परत आणलेल्या अशा चाळीस कॅसेटी तमीमनं त्या डिस्कमध्ये भरल्या. मग कॅसेटींना बुरशी आली, त्या मी भंगारात घातल्या, आणि जुना कंप्युटर बंद पडला. अम्मा, म्हणजे माझी सासू, जाऊन अकरा वर्षं झाली. तिचा आवाज आता फक्त त्या डिस्कमध्ये होता. माझी नणंद फिजा नागोठण्याला असते. ती रविवारी तो आवाज ऐकायला येणार होती.

आणि मला तेच नको होतं.

त्याला कारण वाघ. चौऱ्याण्णव साली मियांनी वाघाचं चित्र असलेली दोन जाडजूड मखमली ब्लँकेटं पाठवली, एक बहिणीला, एक मला. मी तेव्हा माहेरी होते. परत आले तर घरात वाघ नाय. फिजाच्या पलंगावर एक वाघ मी माझ्या डोळ्यांनी बघितला, दुसरा तिनं कपाटात दडवला असणार. मी कुणाला काय बोलले नाय. एका दुपारी अम्मा झोपल्यावर टेपसमोर बसले आणि अर्धा तास कुजबुजत फिजाचा उद्धार केला. चोट्टी म्हणाले. तिच्या सासरच्यांनाही सोडलं नाय.

तीन महिन्यांनी मियांनी मला पांढऱ्या घोड्याचं ब्लँकेट पाठवलं. न मागता. या माणसानं जन्मात न मागता दिलेली ती एकच वस्तू. मी ती कधी अंगावर घेतली नाय, डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवली. राग तेव्हाच गेला माझा, पण चोट्टी काय कॅसेटमधून गेली नाय.

म्हणून शनिवारी मिया दुपारच्या, जोहरच्या नमाजाला गेल्यावर मी कंप्युटरचा पत्रा सरकवला आणि डिस्कची तार ओढून काढली.

मिया आले, बटण दाबलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "डिस्क डिटेक्ट होत नाय गो."

"म्हणजे?"

"म्हणजे कंप्युटर तिला ओळखत नाय."

"नवीन हाय ना तो," मी म्हटलं. "होईल हळूहळू ओळख."

त्यांनी डिस्क बाहेर काढली, फुंकली, कानाला लावली, टॉवेलनं पुसली. एसीवाला टेस्टर सगळीकडे टेकवून झाला. तासाभरानं ती सुटी तार सापडली तेव्हा म्हणाले, उंदीर. तार जोडली आणि टेबलाखाली सुक्या जवळ्याचा पिंजरा लावला. मग मला चहा करायला पाठवलं.

चहा घेऊन आले तर हे हेडफोन गळ्यात घालून बसलेले, डोळे लाल. म्हणाले, "अजून नाय दिसत. सोड. नसीब एकेकाचं."

तार तर जोडली होती. म्हणजे मी ओढताना काहीतरी मोडलं. तेवढ्यात फिजाचा फोन आला.

"भाभी, उद्या ऐकायला मिळंल ना गो? अम्माचा चेहरा आठवतो मला. आवाज नाय आठवत. लई प्रयत्न करते, नाय आठवत."

मी फोन ठेवला आणि अम्माच्या गादीवर बसले. ती कापसाची गादी आता मी वापरते. इतकी जड की उन्हात टाकायला दोन माणसं लागतात, मधेच टेंगूळ, आणि उन्हाळ्यात तर भाजून निघते. पण अम्मानं मरेपर्यंत ती पिंजायला दिली नाय, म्हणून मीही दिली नाय. त्या गादीवर बसून मला रडू आलं. एका ब्लँकेटासाठी मी सासूचा आवाज मारला होता.

"उद्या पेणला जायचं," मी मियांना सांगितलं. "जिथून पार्ट घेतले तिथं."

"कशाला? हायवेला खड्डे किती हायत."

"खड्डे मला मोजता येतात."

रविवारी सकाळी रिक्षा केली. कंप्युटर गोधडीत गुंडाळून मी मांडीवर घेतला. नागोठण्याला फिजा चढली, तिनं दुसऱ्या बाजूनं धरला. गडब गावाजवळ चहाला थांबलो तर दुकानातल्या बाईनं विचारलं, "किती महिन्यांचं?" मिया म्हणाले, आठ दिवसांचं. तिनं गोधडी बाजूला केली आणि पुढं काय विचारलं नाय.

सगळ्या वाटेत फिजा त्या गोधडीवरून हात फिरवत होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

पेणला रामवाडीत नम्रताचं दुकान. पोरगी हुशार, तोंडात स्क्रू धरून बोलते. तिनं कंप्युटर लावला, पडद्यावर कायकाय उघडलं आणि दोन मिनिटांत म्हणाली, "डिस्क आहे हो काकी. चांगली ठणठणीत आहे. फक्त तिला अक्षर नाही."

"कसलं अक्षर?"

"प्रत्येक डिस्कला एक अक्षर असतं, सी, डी, ई असं. ते नसलं तर डिस्क आत असूनही कंप्युटर ती दाखवत नाही. बारसं राहिलंय समजा."

माझा जीव भांड्यात पडला. मी काय मोडलं नव्हतं.

"पण ते आपोआप मिळतं," नम्रता म्हणाली. "कुणीतरी मुद्दाम काढलंय. दोनदा विचारतो तो, नक्की काढू का म्हणून."

मिया दुकानातल्या पंख्याकडे बघायला लागले.

"कुठलं देऊ?"

"ए द्या," फिजा म्हणाली. "अम्माचा ए."

एक बटण दाबलं आणि चाळीसच्या चाळीस कॅसेटी ओळीनं उभ्या राहिल्या. कुठली लावू, असं विचारता विचारता नम्रता थांबली. "ही एकोणीस नंबरची कालच ऐकलीय की कुणीतरी. हीच लावते."

एकोणीस म्हणजे तीच. मी नको म्हणेपर्यंत माझा तिशीतला आवाज दुकानभर झाला. "ऐकताय ना? तुमची ती बहीण, चोट्टी, दोन्ही वाघ घेऊन गेली. मला वाघ नकोच होता, भीती वाटते मला वाघाची, पण हक्काचा होता ना माझ्या."

प्रिंटरची शाई घ्यायला आलेला एक माणूस शाई घेऊन झाली तरी जाईना. फिजा माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, धरणी फाटावी आणि मला कंप्युटरासकट पोटात घ्यावी. माझी सगळी बडबड झाली, खट्ट झालं. मग परत खट्ट झालं, आणि अम्मा बोलली.

"फारुख, हिला वाटतं मी झोपले. नाय झोपले. फिजानं एकच वाघ नेला, तिचा. खतीजाचा मी ठेवला. तू दोघींना पाठवलास, आईला विसरलास. मला पण थंडी वाजते, बाबा. पण सुनेचा वाघ पांघरू कसा? पिंजाऱ्याकडून गादीत शिवून घेतला. हिला दुसरं ब्लँकेट पाठव. आपल्या मनानं पाठवतोय म्हण, तिला बरं वाटंल. पोरगी चांगली हाय, मागत नाय कधी."

फिजा दोन्ही हात तोंडावर ठेवून रडत होती आणि मधेच हसत होती. "व्हय गो," म्हणाली, "असाच होता तिचा आवाज." मग मला कोपरानं ढोसलं. "चोट्टी काय?"

मी कान धरले. तारेचंही तिथंच सांगून टाकलं. मियांनी अक्षराचं कबूल केलं. आईला विसरलो हे बहिणीला कळू नये म्हणून, म्हणाले.

"आणि मला काय कळू नये म्हणून?" मी विचारलं. ते कंप्युटर गोधडीत गुंडाळायला लागले. नम्रतानं पैसे घेतले नायत. म्हणाली, एवढं तर आमच्याकडे टीव्हीवर पण नसतं.

घरी आल्याबरोबर कातर घेतली आणि गादी उसवली. कापसाचे ढग निघाले, मग पिवळा काठ, मग एक डोळा, मग मिश्या. अकरा वर्षं मी वाघावर झोपत होते आणि पाठ दुखते म्हणून डॉक्टरकडे जात होते. वाघ मी फिजाच्या मांडीवर ठेवला. तिनं त्यात तोंड खुपसलं.

मी कपाट उघडून घोडा काढला आणि मियांच्या अंगावर टाकला. "घ्या तुमचा. आईनं सांगितलं म्हणून पाठवलेला. एकतीस वर्षं मी खुळी त्याला जपत बसले."

मियांनी घोडा मांडीवर सारखा केला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अम्मानं ब्लँकेट सांगितलं होतं. घोडा नव्हता सांगितला. दुकानात वाघच वाघ होते, ते स्वस्त पण होते. तू म्हणालीस ना, वाघाची भीती वाटते. तीन शुक्रवार फिरलो तेव्हा तो घोडा मिळाला."

आमच्या मोहल्ल्यात आता पिंजारी येत नाय. गादी अजून तशीच उसवलेली हाय, मधे वाघाएवढा खड्डा. त्यात मी घोडा अंथरलाय. मऊ हाय, फक्त डांबराच्या गोळ्यांचा वास जात नाय.