सासऱ्यांच्या मापावरचा लाल ठिपका

माझ्या नवऱ्याला कुणी काही सांगायला गेलं की तो मान डोलावतो आणि शेवटी स्वतःच्या मनाचंच करतो. म्हणून मी सांगत बसत नाही, थेट ओरडते. नेमबाजीच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी मात्र मी ओरडले नाही, आणि तिथेच नॉर्वल घाबरला.

झालं असं, की भरलेल्या काडतुसांचा ट्रे त्याने माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवला होता. मला चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्शाचं, पातेलं उतरवायचं होतं. ट्रे उचलला आणि आतून बारीक सळसळ आली. मी एक काडतूस कानाशी धरून हलवलं.

"नॉर्वल, हे वाजतंय."

"काय वाजतंय?"

"घे. कानाला लाव."

त्याने लावलं. दुसरं लावलं, तिसरं लावलं. चेहरा पार उतरला.

काळी दारू काडतुसात घट्ट बसली पाहिजे आणि गोळीचं बूड तिला टेकलं पाहिजे, हे आमच्याकडे मोंटानात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मधे पोकळी राहिली की नळी फुगते, एखादवेळी फाटते. आणि नळीच्या मागे कोण असतं? गाल टेकवून बसलेला हा माझा शहाणा.

"कुठल्या मापाने भरलीस?"

"बाबांच्या," तो हळूच म्हणाला.

आता या मापाची कर्मकथा ऐका. माझे सासरे या भागातले नावाजलेले नेमबाज. जाताना त्यांनी बंदूक दिली थोरल्या व्हर्लिनला आणि दारू मोजायचं जुनं पितळी माप दिलं नॉर्वलला. वर दारूचा डबा, बाजूला दांडी. दांडी फिरवली की ठरलेली दारू खाली पडते. किती पडायची ते एका स्क्रूवर ठरतं, आणि तो स्क्रू हलू नये म्हणून सासऱ्यांनी त्यावर सासूबाईंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवलेला. 'त्याला बंदूक आणि मला डबा' म्हणून नॉर्वल जो फुगून बसला, तो वर्षानुवर्षं भावाशी बोलला नाही. व्हर्लिनही तसलाच, एकाच मुशीतला. आणि आता व्हर्लिन घर विकून कायमचा लेकीकडे ॲरिझोनाला चालला होता, उद्याची नेमबाजी झाली की लगेच. बोलायचं तर आत्ताच, नाहीतर ते राहिलंच. मला रात्ररात्र याचाच घोर होता. नॉर्वलला घोर होता तो बाबांच्या मापाने भरून व्हर्लिनला हरवायचा. त्या ऐटीत त्याने आपलं नेहमीचं माप क्लबातल्या एकाला विकूनही टाकलं होतं.

"मी नीट साफ केलं होतं गं," तो म्हणाला. "जुना कण न् कण काढला. डबा पितळीच ठेवला, ठिणगी नको म्हणून प्लॅस्टिकचा नाही बसवला. आत दारूसुद्धा थोडी थोडीच ओतत होतो."

"ते सगळं बरोबर केलंस. पण किती पडतेय ते बघितलंस?"

"बाबांचं माप आहे, आयडेला. त्यात काय बघायचं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मी दमाने घेतलं. "मग स्क्रू सैल कर आणि वाढव."

"ठिपक्याला हात लावायचा नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "बाबांच्या बंदुकीचं काडतूस केवढं होतं?"

"आखूड. माझ्याहून बरंच..." तो थांबला.

"म्हणजे हे माप तुझ्या बंदुकीचं नव्हेच. व्हर्लिनकडे आहे ना, तिचं आहे."

दुपारपर्यंत शेडमध्ये बसून त्याने एकूण एक गोळी उपसून काढली. तोवर मी चिली डब्यात भरली, दालचिनीचे रोल घेतले आणि पिकअप सुरू करून हॉर्न वाजवत बसले. माप मांडीवर घेऊन तो मुकाट्याने शेजारी येऊन बसला.

व्हर्लिनने दार उघडलं तेव्हा तोंडात पाइप होताच. त्याने आधी भावाकडे बघितलं, मग मापाकडे.

"परत करायला आणलंस होय? दहा वर्षं उशीर झाला."

"व्हर्लिन," मी म्हणाले, "तो पाइप कोंबड्यांच्या खुराड्यापलीकडे विझवून ये. नंतर काय भांडायचं ते भांडा."

सामानाच्या खोक्यांमधून वाट काढत आम्ही त्याच्या कामाच्या टेबलापाशी गेलो. नॉर्वल दांडी फिरवणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला. "आता परत बाबांचं माप म्हणून डोळे मिटून भरायचं नाही. आधी मोजायचं."

मग व्हर्लिननेच एक लाकडी काडी घेतली. बाबांच्या बंदुकीच्या काडतुसात गोळीचं बूड कुठवर येतं त्याची काडीवर खूण केली. नॉर्वलने मापाच्या डब्यात थोडी दारू ओतली, साठ्याच्या मोठ्या डब्याचं झाकण लावून तो लांब नेऊन ठेवला आणि दांडी फिरवली. लांब पितळी नळीतून दारू काडतुसात उतरली. व्हर्लिनने काडी आत सोडली. दारू खुणेच्या केसभर वर होती, म्हणजे गोळी बसताना दाबली जाणार, हवी तेवढीच. पुन्हा पुन्हा मोजलं तरी तेच. मग एक काडतूस पुरं भरून दोघांनी आळीपाळीने कानाशी हलवलं. आवाज म्हणून नाही.

"म्हणून माझा नेम लागत नव्हता," व्हर्लिन म्हणाला. "मी आपला अंदाजाने भरत होतो. म्हाताऱ्याने बंदूक मला दिली आणि अक्कल तुला."

"मला कुठली अक्कल?" नॉर्वल म्हणाला. "आज सकाळी मी थोबाड फोडून घेणार होतो."

व्हर्लिन हसायला लागला, मग नॉर्वलही. मला रडू आलं, म्हणून मी चिली गरम करायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी नॉर्वलच्या बंदुकीला काडतूसच नव्हतं, म्हणून दोघं एकाच बंदुकीने आळीपाळीने खेळले. जिंकला भलताच कोणी, पण नेमासाठी अगदी टोकाला उभा केलेला लोखंडी मेंढा व्हर्लिनने पाडला. धूर विरायच्या आधी ठण्ण आवाज आला, आणि सगळ्यांत आधी नॉर्वलने टोपी उडवली.

संध्याकाळी ट्रक भरून झाल्यावर व्हर्लिनने बंदूक नॉर्वलपुढे धरली. "ठेव तुझ्याकडे. मी तिकडे वाळवंटात कुणावर चालवू?"

या एका बंदुकीपायी माझ्या नवऱ्याने भाऊ टाकला होता. त्याने ती हातात घेतली, दस्त्यावरून हात फिरवला आणि परत ट्रकमध्ये नेऊन ठेवली.

"घेऊन जा."

"अरे, माप तुझ्याकडे. मी भरू कशाने?"

"त्यासाठी इथे यावं लागेल तुला," नॉर्वल म्हणाला. "दर उन्हाळ्यात."

व्हर्लिनने खिशातून पाइप काढला, माझ्याकडे बघितलं आणि परत खिशात ठेवला. "ठिपक्याला हात लावू नकोस," एवढं म्हणून तो ट्रकमध्ये चढला.