बाह्यांची पिशवी

या गोष्टीवर कुणाचाही विश्वास बसणार नाही. बसलाच, तर त्या माणसाला आधी डॉक्टरकडे न्या. वडावरची भुतं, विहिरीतल्या बायका हे सगळं ऐकून ऐकून कान किटले असतील. पण कांदे-बटाटे आणायच्या पिशवीने एक अख्खं घर झपाटलं, हे कुणाच्या आजोबांनीही ऐकलेलं नसेल. आणि गोष्ट खरी आहे, अक्षर न् अक्षर. मागच्या बाकांवरच्यांना हसायचं असेल, तर त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, पुढे जमेलच असं नाही.

घर तिसऱ्या मजल्यावरचं. खाली अरुंद गल्ली, गल्लीच्या टोकाला कालवा, कालव्यावर लोखंडी पूल. घरात माणसं तीन. शिवणबाई, म्हणजे घरची कर्ती बाई, पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं अशी कामं घरबसल्या करायची. तिचा मुलगा एका गोदामात मालाची चढउतार बघायचा. स्वभावाने गरीब गाय. आणि तिसरं माणूस म्हणजे सून. तिला शेजारीपाजारी पर्यावरणमंत्री म्हणत.

कारण सुनेने पृथ्वी वाचवायला घेतली होती, आणि पृथ्वी तिच्या मते स्वयंपाकघरातून सुरू होत होती. भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना. सालं-देठं गॅलरीतल्या झाकणाच्या बादलीत, खतासाठी. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद. या शेवटच्या नियमापायी नवरा एकदा डोक्याला साबण लावलेला असताना अंधारात सापडला.

"अगं, आत माणूस आहे!"

"माणूस आहे तर माणसाने गात राहावं. कळतं तरी."

शिवणबाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "सूनबाई, हे सगळं आम्हीही करत होतो. तेव्हा त्याला ओढाताण म्हणायचे."

मग एका सुट्टीच्या दुपारी नवा फतवा निघाला: घरात प्लॅस्टिकची पिशवी नको. सुनेने कपाटं, माळे, गाद्यांच्या खालची जागा सगळं धुंडाळलं. सासूच्या कपाटात, पार तळाशी, रजईच्या मागे तिला एक पिशवी सापडली. गाठ अशी आवळलेली, की दात लावावे लागले. आत एक निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. सुनेने तो जुन्या पडद्यांच्या ढिगावर टाकला, आणि पिशवी बाकीच्या प्लॅस्टिकबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकली. घरातून शेवटचं प्लॅस्टिक गेलं म्हणून तिने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

बिचारीला ठाऊक नव्हतं. ती या घरात येण्याच्या आधीची गोष्ट, आणि त्या गोष्टीवर घराने कुलूप घातलं होतं.

शिवणबाईचा नवरा कुलपं-किल्ल्या दुरुस्त करायचा. एका दुपारी शेजारच्या दुकानदाराला "आलोच" म्हणून तो उठला आणि आलाच नाही. कालव्यापलीकडे, चढाच्या गल्लीत, तो पडलेला सापडला. हृदय थांबलं होतं. त्या बाजूला त्याचं ना कुणी ओळखीचं, ना कसलं काम. हत्यारांची पेटी दुकानातच होती. लोक काय, तोंडावर हळहळले आणि पाठ फिरवून म्हणाले, "कुलूपवाला रिकाम्या हाताने कुणाचं दार उघडायला चालला होता?" दवाखान्याने अंगावरचा शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला. शिवणबाईने पिशवीला गाठ मारली आणि कपाटात खोल सारून दिली. नवरा गेल्याचं दुःख तिने हळूहळू पचवलं. पण तो कुठे चालला होता, हे सुईच्या तुटलेल्या टोकासारखं आत राहून गेलं. दिसत नाही, आणि कूस बदलली की टोचतं.

तर सुनेने तो ढीग मशीनजवळ आणून ठेवला. "आई, यांच्या पिशव्या करून द्याल?"

शिवणबाई मशीनवर बसली की तिला कापड दिसे, कपडा दिसत नसे. उभा धागा कुठला, आडवा कुठला, कुठे विरलंय, एवढंच. पडद्यांच्या पिशव्या झाल्या, आणि निळा चौकडा हातात आला. बाह्यांची शिवण इतकी नेटकी होती, की ती उसवायला तिचं मन होईना. तिने कॉलर कापली, बटणपट्टी शिवून बंद केली, खालची कड जोडली. मग बाह्यांची टोकं एकमेकींना शिवली, कफाला कफ. झाला पिशवीला बंद. शेवटचा दोरा तोडताना कापलेली कॉलर मांडीवरून खाली पडली. कॉलरच्या आत रफू होतं. तिचंच.

उसवून टाकावी, असं आलं मनात. पण एकदा कापलेलं पुन्हा फाडायचं कसं? तेवढ्यात सून आली. "अय्या, किती छान! बंद तर अगदी हातात हात घेतल्यासारखा लागतो." आणि तिने ती दारामागच्या खिळ्याला अडकवली.

शिवणबाईने कॉलर उचलून मशीनवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सून कोपऱ्यावर कांदे आणायला गेली, ती दिवेलागणीला परत आली. पिशवी रिकामी. चपला धुळीने माखलेल्या.

"कांदे?" नवऱ्याने विचारलं.

"कांदे..." ती पायांकडे बघत राहिली. "अहो, मी पुलापलीकडे कशाला गेले होते?"

"मला विचारतेस?"

"कुणीतरी हात धरून नेत होतं. घाईत असल्यासारखं."

नवरा हसला. पुढच्या खेपेला ती पिशवी घेऊन तो स्वतः पाव आणायला निघाला, आणि परत आला तेव्हा त्याच्या मनगटावर लाल वळ होता, कफाच्या रुंदीचा. "आई," तो दारातच बसला, "मी त्या चढापर्यंत गेलो. पिशवीचा बंद ऊबदार लागत होता. माणसाच्या हातासारखा." त्याने वर पाहिलं. पिशवी, कापलेली कॉलर, आईचा चेहरा. एकाखाली एक सगळे टाके त्याला दिसले. "आई, ही बाबांची..."

"हो," शिवणबाई म्हणाली.

सुनेच्या पायाखालची जमीन सरकली. "मला कुणी सांगायचं की नाही? मी काय परकी आहे?"

त्यानंतर घरात कुणी मोठ्याने बोलेना. खिडक्या बंद असायच्या, वाऱ्याचा मागमूस नसायचा, तरी खिळ्यावर बाह्या हलायच्या, चालत्या माणसाच्या हलतात तशा: एक पुढे, एक मागे. जेवताना तिघांची पाठ दाराकडे, आणि तिघांचे कान तिकडेच. दाराला कडी घातली, की कडीपाशी बारीक खुडबूड सुरू व्हायची. घाबरवणारी नव्हे, सरावलेल्या हाताची, कुलूप चाचपून बघणाऱ्याची. म्हणूनच ती जास्त भयंकर होती. दिवा बंद करायच्या नियमाचं नावही सून काढेना. सगळ्या खोल्या लखलखत्या, आणि पृथ्वी वाऱ्यावर.

"परत प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवू," मुलगा म्हणाला. "होती तशी. गाठ मारून."

"ठेवू," सून म्हणाली.

"दे एक पिशवी."

सून म्हणाली, "आपल्या घरात प्लॅस्टिकची पिशवी नाही." सवयीने आधी अभिमानाने म्हणाली, आणि मग तिचा चेहरा पडला. शेजारणीकडे मागायला जावं, तर तिनेच गेल्या आठवड्यात अख्ख्या इमारतीचं प्लॅस्टिक गोळा करून दिलं होतं. डब्यात ठेवली, तर डबा आतून वाजला. पुन्हा खिळ्यावर अडकवली. आता भंगारात द्यायची, तर तिला परत हात लावायचा कुणी?

"मी नेते," शिवणबाई म्हणाली.

"भंगारात?"

"नाही. तिला जिथे जायचंय तिथे."

मुलगा आडवा आला. "आई, नको. काय दिसेल, काय माहीत. नाही कळलं म्हणून इतकी वर्षं आपलं काही अडलं का?"

"तुझं नसेल अडलं," ती म्हणाली, आणि चपला घातल्या.

दुपार होती. तिने कफाला हात घातला, आणि कफाने तिचा हात धरला, घट्ट, ओळखीचा, अंगठ्याने तळहात चोळत. रस्ता ओलांडताना तो असाच धरायचा. जिन्यावर पिशवी पुढे, ती मागे. कालव्याचं पाणी काळंभोर, पुलाच्या पट्ट्या पायाखाली खणखणत होत्या. चालत होती ती एकटी, पण पावलांचे आवाज दोघांचे येत होते. समोरून येणारा सायकलवाला तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेला वळसा घालून गेला. तिने बाजूला पाहिलं नाही. मान वळवली आणि तिथे कुणी नसलं तर, ही एक भीती. आणि असलं तर, ही दुसरी.

चढाची गल्ली आली. जिथे तो पडला होता, तो दगड आला. तिथे पिशवी क्षणभर जड झाली, गच्च भरल्यासारखी, आणि पुन्हा हलकी होऊन वर ओढू लागली. शिवणबाईला धाप लागली. ओठांत एकच: "सांग आता. काय असेल ते सांग."

आणि ऐका! पिशवी वळणावर एका दुकानापाशी थांबली. दुकान कसलं? शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं! म्हातारा दुकानदार तो चौकडा बघून जागचा उठला. "बाई, हा शर्ट घालून एक गृहस्थ आले होते हो. बायकोच्या मशीनची मोटर गरम होते, म्हणाले, नवी द्या, तिला सांगायचं नाहीये. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात मागवून ठेवतो. खुशीत गेले बघा." झालं! कफ सैल पडला. बाह्या साध्या बाह्या झाल्या. शिवणबाई तिथेच पायरीवर बसून पोटभर रडली, हसली, येताना कांदे घेऊन आली, आणि तेव्हापासून ती पिशवी निमूटपणे खिळ्यावर...

"खोटं!"

श्रोत्यांतून, मागच्या बाकावरून, एक बाई उठली. मांडीवर इतका वेळ तिने निळ्या चौकड्यांचं काहीतरी दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

"त्या चढावर कधी दुकान नव्हतं, भावजी. भावाची अब्रू राखताय, कळतंय मला. पण पिशवी थांबली ती एका घराच्या दारात. कडी वाजवायला माझा हात उचलला तिने, आणि मी हात सोडवून पळत आले. आता ऐकणारी माणसं जमलीच आहेत, तर त्यांच्यादेखत विचारते. तुम्ही त्याचे सख्खे भाऊ. त्या दाराआड कोण राहतं?"