बसून विचारायचा प्रश्न

सुभेदार वना अहिरे सव्वीस वर्षं फौजेत होते. त्यांतली शेवटची नऊ वर्षं रंगरुटांना कवायत शिकवण्यात गेली. निवृत्त होऊन धुळ्याला आले, तीन वर्षं धर्मशिक्षण घेतलं आणि १९७४ साली डीकन, म्हणजे फादरांच्या हाताखालचे दीक्षित सेवक, झाले. मिस्साची उपासना आणि पापनिवेदन फादर रेबेलोंकडेच राहिलं, पण बाप्तिस्मा, लग्न आणि अंत्यविधी आता सुभेदारांना करता येत होते.

अडचण एकच होती, आवाज. पहिल्या रविवारी त्यांनी ‘उभे राहा’ म्हटलं तेव्हा आवारात रवंथ करत बसलेली बैलजोडीही उभी राहिली. मी खिडकीजवळ पेटी वाजवत होते, म्हणून नक्की सांगू शकते. डावा बैल आधी उठला.

दोन बाप्तिस्म्यांनंतर तक्रारी आल्या. फादरांनी त्यांना बोलावलं.

“सुभेदार, पारोळ्याच्या चिंधाच्या मुलीचं लग्न तुम्ही लावा. तक्रार आली नाही, तर पारोळ्याचं चर्च तुमच्याकडे. आली, तर इथेच ग्रंथालय लावत बसा.”

“जी साहेब,” सुभेदार म्हणाले. पारोळ्याला आठ महिने कोणी नव्हतं आणि त्यांना ते काम मनापासून हवं होतं.

आदल्या संध्याकाळी त्यांनी नवरानवरीची तालीम घेतली. वेदीपर्यंत अकरा पावलं, डावा पाय आधी. नवरा लीलाधर पाचोरा स्टेशनात पार्सल कारकून होता. तो प्रत्येक सूचनेला ‘जी’ म्हणत होता. नवरी मार्था त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या कपाळावर एक आठी होती.

लग्नाच्या सकाळी पारोळ्याचं चर्च भरलं. पेटीवर तिथेही मीच होते. सुभेदारांची पत्नी बेबाबाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या. अकरा पावलं बरोबर पडली. मग प्रश्न आला.

“लीलाधर! कोणाच्या जबरदस्तीशिवाय, आपखुशीने...”

“जी साहेब!” टाचेवर टाच आपटत लीलाधर ओरडला.

सुभेदार थांबले. पुस्तक मिटलं. हा ‘जी’ त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. स्वेटर मिळालं का? जी साहेब, आणि पोरगा थंडीने काकडतोय. जेवलास का? जी साहेब, आणि पोटात कावळे.

“हे उत्तर चालणार नाही,” ते म्हणाले. “पूर्ण ऐक. आपखुशीने...”

“जी साहेब!” या वेळी आणखी जोरात.

त्यांनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, तर घशातून नुसतीच हवा आली. “काय म्हणताय, ऐकू येत नाही!” मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं.

तेव्हा बेबाबाई जागेवरूनच म्हणाल्या, “अहो, बसा.”

“इथे?”

“घरी कसे बसता? तसेच बसा.”

बेबाबाईंच्या घरात नियम होता: बोलायचं तर बसून. उभ्या माणसाला हुकूम सोडता येतो. पाटावर मांडी घातली की त्याचा दम अर्ध्यावर येतो. सुभेदार वेदीच्या पायरीवर बसले. जरा विचार करून नवरानवरीही समोर बसली.

“बाळा,” सुभेदार म्हणाले. हा आवाज आम्ही कोणीच आधी ऐकला नव्हता. “तुला खरंच हे लग्न करायचंय का? सावकाश सांग.”

लीलाधर विचार करू लागला. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोरच होतं. चाळीस सेकंद झाली.

“आते हाऊ नही म्हनस का काय?” चिंधा कुजबुजला. तो नवरीचा बाप, गावात त्याची रोपवाटिका. सुभेदारांनी नुसता तळहात वर केला.

“लग्नाला हो,” लीलाधर शेवटी म्हणाला. “पण चिंधाआबांनी सांगितलंय, लग्नानंतर नोकरी सोडून इथे रोपं लावायची. त्यालाही मी जी म्हणून बसलो. त्याला नाही.”

चर्चमध्ये एकदम गलका झाला. चिंधा उभा राहिला. सुभेदारांनी बोटानेच त्याला बसवलं. मग त्यांनी मार्थाकडे पाहिलं.

“आणि तू, बाई?”

“हो,” ती म्हणाली. कपाळावरची आठी गेली होती. “कालपर्यंत नक्की नव्हतं. म्हटलं, हा सगळ्यांनाच जी म्हणतो, मग मला म्हटल्याचं काय मोल? आता कळलं, याला नाहीसुद्धा म्हणता येतं.”

लग्न लागलं. शेवटी सुभेदार उभे राहून ‘शांतीने जा’ म्हणाले आणि सगळं वऱ्हाड डावा पाय आधी टाकत बाहेर पडलं.

मंगळवारी चिंधा धुळ्याला आला. फादर ग्रंथालयात टेबलाशी बसले होते आणि सुभेदारही तिथेच होते. शिक्षा आलीच असं धरून सुभेदारांनी पुस्तकं उंचीप्रमाणे लावायला सुरुवातही केली होती.

“मन्ही तक्रार शे, फादर,” चिंधा म्हणाला. “ह्या मानूसनी मन्हा जवाईले नही म्हनाले शिकाडं.”

फादरांनी सुस्कारा सोडला. “बरं. तुझ्या धाकटीच्या लग्नाला मी स्वतः येईन.”

“नही, नही!” चिंधा सुभेदारांकडे बोट दाखवत घाईने म्हणाला. “तिन्हा लगीनले बी हाऊच पायजे. पन बसाडीसन.”

फादरांनी पारोळ्याच्या चर्चची किल्ली टेबलावर ठेवली. सुभेदारांनी सलाम ठोकला आणि ‘जी साहेब’ म्हणायला तोंड उघडलं. मग ते थांबले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “हो.”