त्रेसष्ट आणि एक

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि आधीच कबूल करून टाकतो, मी भारी भित्रा आहे. ओल्या फडक्याला भितो, वाळवीला भितो. कुणी माझ्यासमोर उभं राहून बोटानं माणसं मोजू लागलं की माझी तर गाळणच उडते. हसू नका. माझी हकिकत ऐकलीत तर तुम्हीही भ्याल.

नाणलमेडू हे माझं गाव. कुंभकोणमहून आडुतुरैकडे जाणाऱ्या लोहमार्गावर एक लहानसं स्टेशन आणि त्याच्यामागे घरांच्या चार ओळी, एवढंच. आधी इथे गाव नव्हतंच. रुळांच्या भरावासाठी माती खणली, उरलेली एका जागी ओतली, तिचा मेडू म्हणजे उंचवटा झाला. त्यावर नाणल माजला. नाणल म्हणजे आपला बोरू. तो कापून रेल्वेची माणसं तिथे राहू लागली. मी तेव्हा फळा नव्हतो. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातलं सागवानी बाक होतो, माणसाएवढं लांब. डबा मोडीत निघाला तेव्हा पहिल्या स्टेशनमास्तरांनी मला उचललं, काळा रंग दिला, कड्या ठोकून फलाटावर टांगलं आणि खडूनं लिहिलं : नाणलमेडू, माणसं अकरा.

तेव्हापासून हा पायंडाच पडला. बाळ जन्मलं की माझ्यावर एक वाढे, कुणाला पोचवून आले की एक कमी होई. भातगिरणी आली तसा आकडा भराभर चढला. पुढे पद्मनाभराव मास्तर होऊन आले. तंजावरच्या जुन्या मराठी घरातले, बाहेर तमिळ आणि घरात मराठी बोलणारे. असल्या आडस्टेशनावर यायला दुसरा कुणी राजी नसे, म्हणून त्यांची बदलीही होत नसे. एका पोंगलच्या सकाळी त्यांनी मला पताका लावल्या आणि सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात वाचलं, "दोनशे बारा!" काय टाळ्या पडल्या! मीही फुगलो.

आणि महिन्याभरात पटकी आली.

अरे बाबा, ते दिवस आठवले की अजून कापरं भरतं. रोज सकाळी ओलं फडकं. कधी दोन, कधी पाच. मला वाटे, आपल्याला पुसून पुसून शेवटी शून्य लिहितील. स्टेशनावर चिंचभात विकणाऱ्या गोदाक्काचा नवरा व्यंकोबा गेला आणि तिसऱ्या दिवशी मुलगा गेला. तेरावं उरकून ती फलाटावर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"मोजलींत म्हणून दृष्ट लागली, राव," ती म्हणाली. "जितीं माणसं काय भाताचीं मापं आहेत? यापुढे एक उणा लिहा. पुरा आकडा कोणाच्या डोळ्यांत येऊं नये."

"उणं कोणाला धरूं, अक्का?"

"मज. माझं काय राहिलं आतां?"

रावांना नाही म्हणवेना. तेव्हापासून माझ्यावर नेहमी एक कमीच. राव आकडा लिहीत, तो वाचत आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटत, "आणि एक." मला मात्र ऐकू येई. गावातल्या सगळ्यांना ही गोष्ट ठाऊक होती. पण रोजची गोष्ट पुढेपुढे कुणाच्या ध्यानात राहते? गिरणी आडुतुरैला गेली, तिच्यामागे अर्ध्याहून अधिक गाव गेलं. उरलो आम्ही. माझ्यावर त्रेसष्ट. गोदाक्का उंचवट्याखाली कालव्याच्या काठी झोपडीत एकटी राहायची.

एकोणीसशे बावन्न सालचा नोव्हेंबर संपत होता. सकाळपासून वारा असा सुटला की स्टेशनची कौलं पानांसारखी उडाली. नारळीची झाडं मोडताना त्यांचा कडकडाट ऐकून माझा जीव उडे. दुपारी बातमी आली की वर कालव्याचा बांध फुटला. तेवढ्यात कुंभकोणमकडे जाणारी गाडी कशीबशी आमच्याकडे येऊन थांबली. गार्ड नटराज उतरला. तो परक्या गावचा, तरुण आणि कामाला चोख. त्यानं एकेकाला डब्यात चढवलं, मोजलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"त्रेसष्ट, सार! तुम्ही दोघं रेल्वेवाले धरून फळ्याबरोबर जुळलं. सुटू या?"

राव तारेच्या यंत्रावर वाकले होते. "जुळलं ना? मग चला," ते म्हणाले.

मित्रांनो, मी आतल्या आत किंचाळलो. गोदाक्का कुठे आहे? तीन दिवस तापानं फणफणली होती ती. या ओळीतल्यांना वाटलं ती त्या ओळीतल्यांबरोबर असेल, त्या ओळीतल्यांना वाटलं या. आणि आकडा तर जुळला होता! खोटा आकडा माझ्या अंगावर होता आणि मला तोंड नव्हतं. उंचवट्याखाली पाणी चढताना मला दिसत होतं. इतकी भीती मी पटकीतसुद्धा अनुभवली नव्हती.

गार्डनं हिरवं निशाण काढलं. राव धावत बाहेर आले आणि माझ्यापाशी थबकले. "सुंदरेश, याला घे रे," त्यांनी रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनला हाक मारली. "हाही गावचाच." दोघांनी मला कड्यांतून उतरवलं. रावांची नजर आकड्यावर गेली आणि सवयीनं ओठ हलले.

"त्रेसष्ट, आणि एक."

"अगाई! अक्का!" ते घरच्या मराठीत ओरडले आणि मग भानावर येऊन तमिळमध्ये, "गार्ड, निशाण खाली!"

"सार, पाणी रुळांना लागायला आलंय. एका माणसासाठी त्रेसष्ट..."

"चौसष्ट. चूक माझी आहे. दहा मिनिटं दे."

नटराजनं एकवार डब्यांकडे पाहिलं आणि निशाण गुंडाळलं. मग तोही त्यांच्यामागे धावला. मला त्यांनी खाली ठेवलं नाही, तसंच उचलून नेलं. कशाला, ते झोपडीपाशी कळलं. पाणी कमरेपर्यंत होतं. गोदाक्का चुलीच्या ओट्यावर चढून बसली होती, डोळे मिटून. तिला माझ्यावर निजवलं आणि तिघं पाण्यातून चालू लागले. लाटा माझ्या अंगावरून जात होत्या. खडू विरघळत होता. जन्मभर ज्याला भ्यालो तेच घडत होतं, पण मला आकड्याचं भानच नव्हतं. मी बाकच होतो मुळात. पुष्कळ वर्षांनी माझ्यावर माणसाचं वजन होतं, आणि ते घसरू नये एवढीच धास्ती होती.

गाडी सुटली. कुंभकोणमच्या स्टेशनावर मी कोरा करकरीत भिंतीला टेकून उभा होतो. चार दिवसांनी अक्काचा ताप उतरला. राव खडू घेऊन माझ्यापुढे बसले होते, पण लिहीत नव्हते.

"किती लिहितां, राव?"

"त्रेसष्ट," राव भीतभीत म्हणाले.

तिनं माझ्या कोऱ्या अंगावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मज धरा. दृष्ट लागायची तर लागो. उणं राहून काय जालं तें पाह्यलं की."

रावांनी चौसष्ट लिहिलं. मला मात्र धडकी भरली. गावी परतल्यावर पुढचे कित्येक महिने रोज सकाळी फडक्याची वाट पाहत मी फलाटावर लटकलो. फडकं आलं नाही. उलट वैशाखात सुंदरेशला मुलगी झाली.

गोदाक्का पाच वर्षांनी गेली, पिकल्या पानासारखी. रावांनी त्या दिवशी फडकं घेतलं नाही, तळहातानंच तिचा एक पुसला. मग राव निवृत्त झाले. नव्या मास्तरांनी मला कंदिलांच्या खोलीत रॉकेलच्या डब्यांमागे ठेवलंय. रात्रंदिवस वाळवीचं कुरतडणं ऐकू येतं आणि माझी पाचावर धारण बसते. जमलं तर मला उन्हात काढा, पोरांनो. नाही जमलं तरी एवढं ऐका. सहलीला जाल, जत्रेला जाल, कुठेतरी माणसं मोजाल. आकडा जुळला म्हणून लगेच हुश्श करू नका. माझ्यासारखे थोडे भ्या. मनात म्हणा, "आणि एक?" आणि एकदा मागे वळून बघा.