फ्रिजवाल्याचा डबा

"भाऊजी, कॉफी कुणी फ्रिजमध्ये ठेवतं का?"

मेहुणी दूध काढायला फ्रिजपाशी गेली होती. मागच्या कोपऱ्यात तिला स्टीलचा डबा दिसला. टेबलाशी बसून कप पुसणाऱ्या फ्रिजवाल्याचा हात थांबला.

"तो राहू दे. दुकानातली पुडी आहे वर, ती घे."

"ताईचा डबा ना हा?"

"राहू दे म्हटलं ना, धाकटे."

धाकटीने डबा काढलाच. नको म्हटलेलं आधी करायचं, हा त्या दोघी बहिणींचा जुना खाक्या.

तो चाळीस वर्षं लोकांचे फ्रिज दुरुस्त करत आला होता, म्हणून गल्लीत त्याला सगळे फ्रिजवालाच म्हणत. घरातला फ्रिजही त्याने तीन बंद पडलेल्या फ्रिजांचे भाग जोडून उभा केला होता. थंडीत ठेवलेलं काही खराब होत नाही, यावर त्याचा गाढ विश्वास. औषधं, डिंक, टॉर्चचे सेल, सगळं तो त्यात कोंबायचा. बायको म्हणायची, "एक दिवस मलाही घालून ठेवाल त्यात." पुढे ती गेली, तेव्हा धाकटी परगावाहून पोचेपर्यंत तिला एक रात्र हॉस्पिटलच्या शीतपेटीत ठेवावं लागलं. त्या पेटीच्या दाराचं रबर सैल झालं होतं. त्याने तिथल्या माणसाला ते सांगितलंही. दुसरं काय बोलावं, हे त्याला सुचलं नव्हतं.

कॉफीला मात्र तिने कधी फ्रिजचं दार दाखवलं नाही. भाजलेल्या बिया ती घट्ट झाकणाच्या डब्यात, शेगडीपासून लांबच्या बंद कपाटात ठेवायची. दर रविवारी हातचक्कीवर आठवड्यापुरतीच दळायची. डब्यात ओला चमचा गेला की घरात भूकंप. पाहुण्यांना सांगायची, "कॉफीचे वैरी चार. हवा, उजेड, ओल आणि हे." 'हे' म्हणताना बोट नवऱ्याकडे.

हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी ती चक्की घेऊन बसली ती दोन तास. धाप लागली की थांबायची, पुन्हा दांडा फिरवायची. घरातल्या होत्या तेवढ्या बिया तिने दळून टाकल्या. डबा काठोकाठ भरला.

"एवढी कशाला? दळून ठेवली की वास उडतो, तूच म्हणतेस ना?"

"असू द्या. तुम्हाला दळायचा कंटाळा."

ती गेल्यावर त्याने तो डबा फ्रिजमध्ये ठेवला. सहा महिन्यांत त्यातली चमचाभरही प्यायला नव्हता. रोज सकाळी डबा काढायचा, झाकण उघडायचं, नाक आत घालायचं, डोळे मिटून उभं राहायचं. मग झाकण लावून डबा परत थंडीत. पहिले काही दिवस ती स्वयंपाकघरात वावरत असल्यासारखं वाटायचं. पुढे वास कमी होत गेला. आपलं नाकच गेलं, असं त्याने धरलं. जन्मभर फ्रिजमधला गॅस हुंगला, दुसरं काय होणार? डॉक्टरांनी नाकात घालायला थेंब दिले होते. ते थेंबही फ्रिजमध्येच होते.

धाकटीने झाकण उघडलं. वास घेतला. पुन्हा घेतला.

"येतोय ना?" तो खुर्चीतून उठला. "माझं नाक गेलंय. पण तुला येत असेल. येतोय ना, धाकटे?"

तिने डबा उजेडाकडे धरून आत पाहिलं.

"बोल की. तोंडात काय गूळ धरलायस?"

"भाऊजी, कांद्याचा येतोय."

"नीट घे."

"नीटच घेतला हो." तिने चमचा घातला. पावडर सुटी राहिली नव्हती, ढेकळं झाली होती. एक ढेकूळ चमच्याने दाबलं, तर आत ओलसर काळं.

फ्रिजवाला डब्याकडे बघत राहिला. डब्याला बाहेरून घाम फुटला होता. बारीक थेंब एकमेकांत मिसळून खाली ओघळत होते. असाच घाम आतूनही फुटत असणार. गार वस्तू उबदार हवेत उघडली की ओल धरते, हे त्याने किती घरांत सांगितलं असेल. बायाबापड्यांवर खेकसला होता तो, "दार सारखं उघडू नका, कितीदा सांगायचं?" आणि इथे रोज सकाळी, सहा महिने.

"मीच वाट लावली," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी हातसुद्धा लावला नाही."

"तुम्ही एकदाही प्यायला नाहीत?"

"संपली असती."

"अहो, प्यावी म्हणूनच दळून ठेवली होती ना तिने." धाकटीचा आवाज चढला आणि मध्येच बसला. "ताईला दोन जिने चढवत नव्हते हो त्या वेळी."

तो खाली बसला. पुसलेले कप तिच्याकडे सरकवत म्हणाला, "कर."

"ह्याची?"

"ह्याचीच. दोन कप."

तिने वाईट ढेकळं बाजूला काढली, उरलेल्यातली दोन चमचे पावडर घेतली. दूध उकळलं. कप समोर आले. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव होती.

"कशी झालीय?" त्याने विचारलं.

"भिकार."

"हं."

तो पहिल्यांदा जरासा हसला. दोघांनी कप संपवले. गाळ तेवढा ठेवला.

संध्याकाळी जाताना धाकटी म्हणाली, "टाकून द्या ती. मी बिया पाठवते."

त्याने मान हलवली, पण टाकली नाही. डबा बंद कपाटात ठेवला आणि रोज सकाळी त्यातलीच कॉफी केली. साखर जास्त घातली तरी कडवट, मातकट लागायची. तो कप पूर्ण संपवून कामाला जायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "घरून पिऊन आलोय."

तीन आठवड्यांनी डब्याचा तळ दिसला. शेवटचा चमचा निघाल्यावर त्याने डबा धुवायला घेतला. आत गरम पाणी ओतलं, झाकण लावून हलवलं. पाण्याला जेमतेम रंग आला. ते मोरीत ओतायला तो वाकला. मग सरळ झाला, पाणी कपात ओतलं आणि उभ्याउभ्याच पिऊन टाकलं.